मशीनच्या जोडावरची हळद

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

भंडारा-तुमसर रस्त्यावर तांदळाच्या कोंड्याचं तेल काढणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. आमच्या भागात दर दोन-चार मैलांवर एक राईस मिल, आणि प्रत्येक मिलच्या मागे कोंड्याचा ढीग. हा कोंडा मोठा अवसानघातकी. दाण्यावरून सुटला रे सुटला की त्यातलं तेल आंबायला लागतं. सकाळचा कोंडा पुरी तळायच्या तेलाचा असतो, तोच संध्याकाळी साबणाच्या लायकीचा होतो. म्हणून गेटवर गाडी लागली की आधी तिचा नमुना माझ्याकडे येतो. मी त्यातलं तेल विद्रावकात उतरवून घेतो आणि त्यात अल्कलीचं द्रावण थेंबाथेंबानं सोडून आम्ल किती ते मोजतो. यालाच टायट्रेशन म्हणतात. आकडा दहाच्या आत आला तर गाडी आत, वर गेला तर बाहेर. आणि हे मोजायला जितका वेळ लागेल तितका कोंडा उन्हात उभ्या उभ्या आंबत असतो. घाई आमच्याकडे हौसेपोटी नाही.

हे काम वीस-बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम हातानं करत आल्या. ब्युरेट, म्हणजे खुणा आखलेली काचेची लांब नळी; डावा हात तिच्या तोटीवर, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवायचा. आम्ल संपलं की आत टाकलेल्या निर्देशकाचा रंग बदलतो, पण कोंड्याचं तेल इतकं काळपट की तो रंगबदल मला चष्मा लावूनही दिसत नाही. मॅडमना तो होण्याआधीच कळतो. त्या फ्लास्ककडे अशा बघतात की बिचाऱ्या द्रावणाला रंग बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

मग आमच्याकडे स्वयंचलित यंत्र आलं. पिचकारीसारखी एक ब्युरेट, तिच्यातून निघालेली बारीक नळी, द्रावणात बुडवायचा इलेक्ट्रोड आणि वर पडदा. रंग बघायची गरजच नाही. इलेक्ट्रोडला बदल जाणवतो, पडद्यावर रेघ चढते आणि आकडा छापून बाहेर येतो. पण यंत्रासोबत आलेली पद्धत फारच सभ्य होती. एक थेंब टाकायचा, थांबायचं, विचार करायचा, मग दुसरा टाकायचा. एका नमुन्याला नऊ मिनिटं. मी पंधरा दिवस खपून तिला वळण लावलं. सुरुवातीला, जिथे काही घडणारच नसतं, तिथे धबाधब ओतायचं, आणि रेघ चढू लागली की मात्र पावलं मोजत जायचं. नऊ मिनिटांची चार मिनिटांच्या आत आली. आकडे तेच. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात पुढे महिनाभर मला पाठीवर जाणवत होता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पहिला प्रसाद मला लगेच मिळाला. मी मॅडमना शर्यतीचं आव्हान दिलं. तुमचा हात आणि माझं यंत्र, नमुना एकच. सगळी शिफ्ट बघायला जमली. मी बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. यंत्र ओतत राहिलं, ओतत राहिलं. मॅडमचा एक नमुना झाला, दुसरा झाला, त्यांनी चहा मागवला. माझ्या बीकरमधलं द्रावण काठावरून टेबलावर आलं तेव्हा मॅडमनी कपात बघत बघतच विचारलं, “भाऊ, ढवळाची फिरकी टाकली काय आतमध्ये?”

फिरकी माझ्या खिशात होती. ढवळलंच जात नव्हतं, त्यामुळे इलेक्ट्रोडपर्यंत बातमीच पोचत नव्हती. त्यानंतर दोन आठवडे कँटीनमध्ये मी चहाचा कप उचलला की कोणीतरी विचारायचं, साखर ढवळली काय.

आता काकांबद्दल. ते माझे नातलग नव्हेत, गेटवर सगळेच त्यांना काका म्हणतात. तुमसरजवळ त्यांची लहानशी राईस मिल आहे. त्यांचा कोंडा वर्षानुवर्षं साबणवाल्यांकडे जायचा, कारण गाडी भरेपर्यंत तो दोन-दोन दिवस पडून असायचा. घरी काकू त्यांना टोमणा मारत, आपल्या कोंड्यानं लोकं कपडे धुतात म्हणून. काकांना ते लागलं. त्यांनी मजुरांना विनवून पहाटेची पाळी सुरू केली, पोत्यांऐवजी थेट गाडीत कोंडा पाडायची सोय केली, आणि दळल्यापासून तीन तासांत गाडी आमच्या गेटवर आणू लागले. आमच्याकडे नियम असा, की सलग तीन गाड्या दहाच्या आत आल्या म्हणजे मिलचं नाव रोजच्या यादीत लागतं, खायच्या तेलाच्या यादीत. एक जरी हुकली तरी पुन्हा पहिल्यापासून, आणि नव्या मिलला पुन्हा संधी थेट पुढच्या हंगामात. काकांच्या दोन गाड्यांचे आकडे साडेआठच्या आसपास आले होते. तिसरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची होती.

मध्ये खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे बॉयलरपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. मी ठरवलं, यंत्राची पहिली पूजा, ती रीतसर झाली पाहिजे. घरच्या देवांची भांडी मी जेवढ्या भक्तीनं कधी घासली नाहीत तेवढ्या भक्तीनं मी ते यंत्र पुसलं. नळी काढली, आतून-बाहेरून धुतली, परत लावली. यंत्राखाली नवा कोरा दुपट्टा घडी करून अंथरला. यंत्राच्या मागच्या बाजूला, नळी जिथे ब्युरेटला जोडलेली असते तिथे, एक छान सपाट पांढरी चकती होती. जणू बोट टेकवायलाच केलेली. तिथे हळदीचं बोट लावलं, वर पडद्याच्या कडेला कुंकू, आणि झेंडूची माळ. एक माळ उरली ती मी मॅडमच्या काचेच्या ब्युरेटला घातली. निवृत्त होणाऱ्याला हार घालतात तशी, आणि हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

मॅडम हळदकुंकवाच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी पर्स उचलली. दरवर्षीप्रमाणे त्या दसऱ्याला घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होत्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, “पूजा झाली की नळी घट्ट कर.” मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली पाळी माझी. मॅडमचा गर्दीतून परतीचा प्रवास, त्या साडेनऊपर्यंत येणार होत्या. सातच्या ठोक्याला काकांची गाडी गेटवर. काका ड्रायव्हरशेजारून उतरून थेट प्रयोगशाळेच्या खिडकीशी आले, नवा सदरा, कपाळावर टिळा. मला आपट्याचं पान देऊन म्हणाले, सोनं घ्या जी साहेब, अन् आमच्या कोंड्याचंबी सोनं करा.

मी नमुना लावला. फिरकी टाकली, दोनदा तपासली. बटण दाबलं. पावणेचार मिनिटांनी आकडा आला, तेरा पूर्णांक एक.

काकांनी खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी दुसरा नमुना लावला. चौदाला जरा कमी. आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती, की दहा मिनिटांत एवढा फरक कसा. मला शंका आली नाही, मला सिद्धांत सुचला. ऑक्टोबरचं ऊन आहे, कोंडा गाडीत तापतोय, मिनिटामिनिटाला आंबतोय, आणि माझं वेगवान यंत्र ते आंबणं जणू डोळ्यांदेखत पकडतंय. मला वाटलं, यावर एखादा निबंध लिहावा. मी काकांना तो सिद्धांत समजावून सांगितलाही, दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवून.

काका म्हणाले, पहाटे चारला दळलेला कोंडा हाय, अजून हाताले गरम लागते. मग म्हणाले, ताईच्या हातानं एकडाव करून पाहा. मी म्हणालो, ताई साडेनऊला येतील आणि तोवर आकडा वीसवर जाईल. हे मी कौतुकानं म्हणालो, ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

तेव्हा काका हळूच म्हणाले, “मशीन चुकत नाही का जी कधी?”

“माणूस चुकतो, काका. मशीन नाही,” मी म्हणालो आणि चिठ्ठीवर ‘नापास’ लिहिलं. हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेत अजून माझ्या आवाजाची नक्कल करून म्हटलं जातं.

काकांनी चिठ्ठीची घडी करून नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. आता घरी साबणाची वडीच घेऊन जातो म्हणाले, आणि गाडी वळली. तेव्हा सव्वाआठ झाले होते.

साडेनऊला मॅडम आल्या. प्रवासानं डोळे तांबारलेले, पण मूड चांगला. आल्या आल्या त्यांनी आपल्या ब्युरेटवरची सुकलेली माळ काढली आणि ती टाकायला वळल्या, तेव्हा त्यांची नजर यंत्राच्या मागच्या बाजूला गेली. त्या थांबल्या.

“भाऊ, या जोडावर तू काय लावलं होतं? हळद का कुंकू?”

“हळद.”

“मंग ही लाल काहून झाली?”

मी म्हणालो, वरचं कुंकू ओघळलं असेल. मी सकाळीच ते बघितलं होतं, आणि यंत्रानं पूजा मनापासून स्वीकारली असं वाटून मला बरंही वाटलं होतं. मॅडमनी कापसाचा बोळा सौम्य ॲसिडमध्ये बुडवून त्या लाल डागावर टेकवला. डाग पिवळा झाला. स्वच्छ, हळदीसारखा पिवळा.

“घरी हळदीच्या फडक्याले साबण लावून पाहिला नाही काय कधी?” त्या म्हणाल्या.

पाहिला होता. आईच्या हातचा मारही खाल्ला होता त्यावरून. एवढंच नाही, हळद अल्कलीत लाल होते, ती निसर्गातला निर्देशक आहे, हे मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान दिनाला दोनशे पोरांसमोर प्रयोगासह दाखवून आलो होतो आणि त्याबद्दल नारळ आणि शाल घेऊन आलो होतो.

मी यंत्र उचललं. खालचा नवा कोरा दुपट्टा ओला होता. पूजेच्या दिवशी मी नळी परत लावली ती नुसती टेकवून, घट्ट न करता. प्रत्येक ढकलीला जोडातून थोडी अल्कली बाहेर गळत होती आणि दुपट्टा ती इमानानं पिऊन घेत होता. यंत्र हिशेब लावत होतं की सगळी बीकरमध्येच गेली. जास्त अल्कली लागली म्हणजे जास्त आम्ल. तेरा. आणि जोड आणखी सैल झाला तसे चौदा. माझा निबंध तिथेच संपला.

मी काकांना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्यांनी फोनच बंद केला. मग मी मोटारसायकल काढली. अंगात पांढरा ॲप्रन, कपाळावर सुरक्षेचा चष्मा. मोहाडीच्या दिशेनं मी असा सुटलो की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असावं, कुठेतरी गॅस फुटला. दोघांनी तर मला हात करून विचारलंही.

मोहाडीच्या पुढे एका चहाच्या टपरीशी गाडी उभी दिसली. साबणवाल्यांकडे अजून सणाची सुट्टी चालू होती, कोणी फोन उचलत नव्हतं, म्हणून काका तिथेच बसून राहिले होते, समोर आलूबोंड्याची प्लेट. मला बघून त्यांनी मान फिरवली. वाटभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. तांत्रिक बिघाड, तापमानाचा परिणाम, पुनर्तपासणी. त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ती सगळी सोडून दिली.

“काका, कोंडा चांगला होता. मशीन गळत होती. अन् ती मीच गळकी केली, पूजेच्या दिवशी.”

काकांनी आलूबोंड्याचा एक घास घेतला, चावला, गिळला.

“किती वेळ झाला जी आता?”

“दोन तास.”

“मंग कोंड्याले सांगा, थांब म्हना.”

कोंडा थांबत नाही, हे मीच त्यांना सकाळी आकड्यांसह शिकवलं होतं. आता खरी भीती ती होती. सकाळी सातला त्या गाडीचा आकडा साडेआठ-नऊ असणार होता. पण तो आम्ही मोजलाच नव्हता, मी दुपट्टा मोजला होता. सकाळच्या बाटलीत उरलेला नमुनाही गाडीतल्या कोंड्यासारखाच आंबत बसला होता. नियम साधा आहे, आत्ता गाडीत जो कोंडा आहे त्याचा जो आकडा येईल तो खरा. तो दहाच्या वर गेला असता तर काकांचं वर्ष माझ्या झेंडूच्या माळेत गेलं असतं, आणि त्यावर कोणाची सही चालली नसती.

काका उठले, ड्रायव्हरला हाक मारली आणि मला म्हणाले, तुम्ही पुढं चाला, अन् तो चष्मा डोऱ्यावर घ्या, कपाळाले कायले पायजे.

परत पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मॅडमनी सगळं मांडून ठेवलं होतं. जोड घट्ट केलेला, ब्युरेट भरलेली, विद्रावक मोजून ठेवलेला. गाडीच्या तीन ठिकाणचा कोंडा काढून नमुना एकत्र केला. काका यावेळी खिडकीशी थांबले नाहीत, चपला बाहेर काढून आत आले. चपला काढायची काही गरज नसते, पण मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी कोणालाच काही सांगायच्या स्थितीत नव्हतो.

“ताई, तुमच्या हातानं,” ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, तुझं यंत्रही लाव, सोबतच होऊ दे. म्हणजे शर्यत पुन्हा लागली, फक्त यावेळी कोणी बघायला जमलं नव्हतं आणि हरायला फक्त एकच माणूस होता, तो कोपऱ्यात अनवाणी उभा.

मी बटण दाबलं. मॅडमचा डावा हात तोटीवर गेला. इतक्या वर्षांत मी त्यांचा फ्लास्क इतक्या हळू फिरताना पाहिला नव्हता. शेवटी तर त्यांनी अर्धा थेंब ब्युरेटच्या टोकावर धरून तो फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवून घेतला. माझ्या पडद्यावर रेघ सरपटत होती. मी नळीच्या जोडाकडे बघत होतो, यंत्राकडे नाही.

मॅडमनी ब्युरेट वाचली, कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला. “नऊ पूर्णांक सहा.”

त्याच वेळी माझ्या यंत्रानं कागद बाहेर टाकला. नऊ पूर्णांक पाच. मी तो काकांपुढे धरला. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. मॅडमच्या कागदाकडे बघत म्हणाले, लिहून द्या जी ताई, घरी दाखवायचा हाय.

गाडी आत गेली. माझ्यापुढे उरली नोंदवही. पहिले दोन निकाल रद्द केले तर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘नळीचा जोड सैल.’ त्यापुढे रकाना असतो, सैल होण्याचं कारण. बराच वेळ विचार करून मी लिहिलं, ‘पूजा.’ मोठ्या साहेबांनी ते पान तीनदा वाचलं. मला वाटलं, पाठीवरचा हात आता कानाखाली येतो. त्यांनी फक्त विचारलं, मग आता पूजा बंद करायची काय.

उत्तर मॅडमनी दिलं. त्या म्हणाल्या, बंद कायले, रोज करू.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी त्या पांढऱ्या चकतीवर हळदीचं एक बोट लागतं. दुपट्टा गेला, माळ गेली, कुंकू गेलं, हळद राहिली. ती स्वतः मॅडम लावतात, आणि मी पाहिलंय, लावताना त्यांच्या चेहऱ्यावर भक्ती अजिबात नसते. कामकाजाच्या लेखी पद्धतीत ती ‘गळती तपासणी’ या नावानं बसली आहे. बाहेरून तपासायला आलेल्या एका गृहस्थांनी त्या पिवळ्या ठिपक्याबद्दल विचारलं, तेव्हा मॅडमनी त्यांच्यासमोर त्यावर अल्कलीचा थेंब सोडून दाखवला. त्यांनी मान डोलवली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी मागे उभा राहून असा चेहरा केला होता की कल्पना माझीच.

काकांची मिल यादीत लागली. त्यांची गाडी आता रोज सातला येते. त्या दिवाळीत काकूंनी डबाभर करंज्या पाठवल्या, कोंड्याच्याच तेलात तळलेल्या. डब्यावर चिठ्ठी होती, ‘ताईसाठी.’ मॅडमनी मला दोन दिल्या.

माझं यंत्र चार मिनिटांतच निकाल देतं, आता तर साडेतीनवर आणलंय. काकांना ते मी दोनदा सांगून झालं. ते खिडकीशी येतात, मला नमस्कार करतात, मग मान आत घालून माझ्या खांद्यावरून यंत्राच्या मागच्या बाजूला बघतात.

“हरद पिवरीच हाय ना जी?”

“पिवळी आहे, काका.”

“मंग चालवा.”